नाव गाळले तरी ओळख उरते

बातमीत मुलीचे नाव नाही, फोटो नाही, म्हणजे कायदा पाळला, असे आपल्याकडच्या बऱ्याच वृत्तपत्र कार्यालयांत आजही मानले जाते. मोठ्या शहरात ही समजूत कदाचित खपून जात असेल, गोव्यात ती चालत नाही. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. 191 ग्रामपंचायती, गावागावांत वाडे म्हणजे छोट्या वस्त्या, आणि वाड्यावर सगळे एकमेकांना घराण्यासकट ओळखणारे. बऱ्याच गावांत हायस्कूल एकच, त्यात नववीची तुकडीही एखाददुसरीच. गावाचे नाव, वय आणि इयत्ता एवढे तीनच तपशील छापले, तरी सकाळी पोदेर म्हणजे पाववाला पाव घालून जाईपर्यंत मूल कोणाचे हे वाड्यावर सर्वांना कळलेले असते.

नमुन्यादाखल एक परिच्छेद घेऊ. तो इथे मुद्दाम रचलेला आहे, पण त्यातला एकही तपशील गोव्यातल्या वाचकाला नवखा वाटणार नाही. ‘डिचोली तालुक्यातील अमुक गावात 14 वर्षीय शाळकरी मुलीवर तिच्या 46 वर्षीय नातेवाईकाने लैंगिक अत्याचार केल्याची खळबळजनक घटना उघडकीस आली आहे. मुलगी गावातील हायस्कूलमध्ये नववीत शिकत असून तिची आई अंगणवाडीत काम करते. वडील जहाजावर नोकरीस आहेत. शाळेतील समुपदेशकाशी बोलताना तिने हा प्रकार सांगितला.’

चार वाक्यांत नाव कुठेच नाही. तरीही अंगणवाडीत काम करणारी, नवरा जहाजावर असलेली आणि मुलगी नववीत असलेली बाई त्या गावात एकच असणार. शेहेचाळीस वर्षांचा नातेवाईक कोण, हेही मग आपोआप उलगडते. शेवटच्या वाक्याने तर आणखी एक नुकसान होते. तक्रार शाळेतून गेली हे आरोपीच्या घरच्यांना कळते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या समुपदेशकावर दबाव येऊ लागतो. त्या शाळेतले दुसरे एखादे मूल असेच काही सांगण्याच्या बेतात असेल, तर ते गप्प बसते. वार्ताहराने हे सगळे लिहिले ते वाईट हेतूने नव्हे. बातमीत ‘माणूस दिसला पाहिजे’ हे त्याला शिकवलेले असते आणि हाती आलेला प्रत्येक तपशील खरा असतो. चूक इथेच होते. अशा बातमीत तपशिलाचा खरेपणा पुरेसा नसतो. तो छापला तर शेजारच्या घरातल्या माणसाला काय कळेल, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

कायद्याने हा प्रश्न विचारलेलाच आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 23 नावापुरते थांबत नाही. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजारपाजार आणि ओळख पटवू शकणारा इतर कोणताही तपशील, एवढे सगळे त्यात येते. वरच्या परिच्छेदात ते निदान चार ठिकाणी मोडले आहे. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीला प्रकाशक व मालकही जबाबदार धरले जातात, हे मालकांच्या केबिनमध्ये बहुधा कोणी सांगत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 74 हेच संरक्षण गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला, साक्षीदार मुलाला आणि निराधार मुलालाही देते. तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. बलात्कारपीडित प्रौढ असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 72 लागते. 11 डिसेंबर 2018 रोजी निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुरान्वयानेही ओळख पटेल असे काही छापता येणार नाही. पीडित व्यक्ती मरण पावली असली तरी हीच मर्यादा राहते, आणि नातेवाइकांनी परवानगी दिली म्हणून नाव जाहीर करता येत नाही. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआ बलात्कार व खून प्रकरणातल्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते.

तेव्हा कायद्यात उणीव नाही. बातमी तयार होते त्या साखळीत आहे. पोलिसांचे प्रसिद्धीपत्रक व्हॉट्सॲपवर येते, तालुक्याचा वार्ताहर त्यात गावातून मिळालेली भर घालतो, रात्री अकराच्या पुढे पान सोडायच्या घाईत उपसंपादक मथळा देतो आणि पोर्टल सांभाळणारा मुलगा तोच मजकूर फोटो जोडून फेसबुकवर टाकतो. चौघांनीही आपापल्यापुरते नाव गाळलेले असते. चारही तुकडे जुळवून पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नसते.

त्यातही एकाच वृत्तपत्राने सांभाळून भागत नाही. गोव्यात एकच घटना मराठी, कोंकणी आणि इंग्रजी दैनिकांत येते. वाचक तिन्ही वाचतो, निदान गावच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारच्या नाक्यावर, तिन्ही वाचली जातात. एकाने आरोपीचे नाव छापले आणि नाते लपवले, दुसऱ्याने नाते छापले आणि नाव लपवले, तर दोघांनीही आपापल्या परीने काळजी घेऊन मिळून मुलीला उघडे पाडलेले असते. ब्रिटनमधल्या संपादकांच्या आचारसंहितेत यावर ठरलेला नियम आहे: आरोपीचे नाव देता येते, पण त्याचे आणि मुलाचे नाते सूचित होईल असे काहीही छापायचे नाही. सगळ्यांनी एकच बाजू लपवायची, हे त्या नियमाचे मर्म. आपल्याकडे मात्र लपवायची बाजू उलटी असावी, असे माझे मत आहे. गोव्यात आरोपीचे नाव, आडनाव आणि गाव आले की त्याच्या घरात कोणती मुले आहेत हे शोधावेच लागत नाही. शिवाय अत्याचार करणारा पुष्कळदा घरातला किंवा ओळखीचा असतो, ही गोष्ट समाजाला कळणे फार गरजेचे आहे. म्हणून नाते सांगावे, ‘जवळचा नातेवाईक’ इतक्याच शब्दांत, आणि आरोपीचे नाव, वय, व्यवसाय, गाव गाळावे. काय गाळायचे हे एकदा गोवा युनियन ऑफ जर्नलिस्ट्स म्हणजे ‘गुज’च्या पातळीवर सर्व संपादकांनी बसून ठरवले, तर त्याला खर्च काहीच येत नाही. स्पर्धा राहो, पण या एका बाबतीत सर्वांनी तेच तपशील गाळलेच पाहिजेत.

मग बातमीत उरते काय, असा प्रश्न डेस्कवर हमखास येतो. पुष्कळ उरते. तालुका, गुन्ह्याची कलमे, अटक कधी झाली, तक्रार नोंदवायला पोलिसांनी किती दिवस लावले, वैद्यकीय तपासणी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात वेळेत झाली का, आरोपपत्र कधी गेले, मुलाची साक्ष झाली का. पॉक्सोच्या कलम 35 प्रमाणे विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते आणि खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा असतो. ही मुदत पाळली जाते का, यावर वर्षभर पाठपुरावा करून लिहिता येते आणि त्यात मुलीचा एकही तपशील लागत नाही. अटकेच्या दिवशी चार कॉलम आणि निकालाच्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी, ही आपली सवय उलटी करायला हवी.

‘लपवाछपवीने आरोपींचेच फावते’ हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण गोव्याच्या इतिहासात त्याला आधार आहे. 1991 साली मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली, 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. अनाथ मुलांचा आश्रम चालवतो म्हणून ज्याला मान होता, त्याने त्या मुलांचे लैंगिक शोषण केले हे जगापुढे आले नसते, तर 2003 चा गोवा बाल कायदा आणि पणजीचे बाल न्यायालय इतक्या लवकर अस्तित्वात आले असते असे वाटत नाही. प्रसिद्धीची ताकद ही अशी. पण त्या प्रकरणात उघड होणे आवश्यक होते ते आरोपीचे नाव, त्याची संस्था, त्याला प्रतिष्ठा देणारे लोक आणि डोळे मिटून बसलेली यंत्रणा. मुलांची नावे उघड होऊन समाजाच्या माहितीत कसलीही भर पडली नसती. आरोपी मुलाच्या कुटुंबातला नसून शिक्षक, प्रशिक्षक, धर्मगुरू किंवा संस्थाचालक असेल, तर त्याच्या अधिकाराबद्दल कडकडीत लिहावे. फक्त वर्ग, तुकडी, खेळाचा प्रकार, सहलीची तारीख असे तपशील मुलाकडे बोट दाखवतात का, हे प्रत्येक वेळी तपासावे. आणि अमुक मूल जाहीर होण्यातच त्याचे हित आहे असे खरोखर वाटत असेल, तर कलम 23 मध्येच वाट ठेवली आहे: विशेष न्यायालय कारणे लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. हा निर्णय संपादकाचा नाही आणि मोर्चा काढणाऱ्यांचाही नाही.

सर्वांत जास्त गफलत होते ती बेपत्ता मुलांच्या बातम्यांत. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. तेव्हापासून अल्पवयीन मुलगी घरी आली नाही की अपहरणाचा गुन्हा नोंद होतो, आणि शोधासाठी पोलीस तिचा फोटो, नाव, कपड्यांचे वर्णन प्रसिद्धीला देतात. तो फोटो छापणे त्या दिवशी योग्यच असते, त्याने मूल सापडू शकते. दोन दिवसांनी मुलगी सापडते. एखाद्या मुलासोबत ती गेलेली असते, ती अठराच्या आतली असल्यामुळे पॉक्सो लागतो आणि त्या क्षणापासून कालचा कायदेशीर फोटो बेकायदा होतो. आपण मात्र नवी बातमी लिहिताना ‘सोमवारपासून बेपत्ता असलेल्या त्या मुलीचा शोध लागला’ अशी सुरुवात करतो आणि जुन्या बातमीची लिंकही खाली देतो.

यावर उपाय आहे, पण तो तासाभरात करावा लागतो. बेपत्ता सूचना पहिल्यापासून स्वतंत्र ठेवावी, तिच्यात गुन्ह्याची कलमे, प्रेमप्रकरणाचा तर्क, आईवडिलांचे भांडण यांतले काही घालू नये. मूल सापडल्याची खात्री होताच पोर्टलवरची सूचना उतरवावी, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरची पोस्ट काढावी, ई-पेपरचे ते पान बदलावे. बातमीच्या लिंकमध्ये आणि फोटोच्या फाइलच्या नावात मुलीचे नाव इंग्रजी अक्षरांत राहून जाते, ते कोणी पाहत नाही. शोधयंत्राला मात्र तेच सापडते, म्हणून तेही बदलायला हवे. गूगलकडे जुना मजकूर काढण्याची विनंती वेगळी करावी लागते. छापील प्रत परत घेता येत नाही, म्हणून पुढच्या गुन्ह्याच्या बातमीत ती मुलगी बेपत्ता होती याचा उल्लेखच करायचा नाही. सलगता तुटते हे खरे, पण ती तोडणे हेच इथले काम आहे.

फोटोंबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण चेहऱ्यावर चौकडी टाकली की सुटलो असे सगळ्यांना वाटते. पाठमोऱ्या मुलीचा युनिफॉर्म शाळा सांगतो. घराची बाल्कांव म्हणजे दर्शनी ओटी, तुळशीवृंदावन, दारातल्या स्कूटरचा नंबर, आईच्या साडीचा पदर, हे सारे गावाला पाठ असते. हलकी धूसर केलेली चौकट व्हिडिओत एखाद्या क्षणाला सरकते आणि तेवढा एक क्षण पुरेसा असतो. आवाज जाड किंवा बारीक केला तर तो साध्या ॲपने पूर्ववत करता येतो. त्यापेक्षा मुलाचे बोलणे दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे. मोबाइलवर काढलेल्या मूळ फोटोत जागेची नोंद दडलेली असते, ती पुसल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नये. आणि पोस्ट टाकण्याआधी प्रतिक्रिया बंद कराव्यात. आपण गाळलेले नाव तिसऱ्या मिनिटाला गावचाच कोणीतरी खाली लिहितो, आणि ते आपल्याच पानावर दिसत राहते.

मुलाशी थेट बोलायचे की नाही? माझे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे, आणि ते केवळ संवेदनशीलतेपोटी नाही. मुलाचा जबाब पोलीस घेतात, मग दंडाधिकाऱ्यांपुढे होतो, मग न्यायालयात साक्ष. त्याआधी पत्रकाराने मुलाखत घेऊन छापली, तर त्यातला एखादा शब्द, एखादी वेळ, एखादा क्रम जबाबाशी जुळत नाही. चौदा वर्षांच्या घाबरलेल्या मुलाकडून तो जुळणारही नाही. बचावाचा वकील तेच कात्रण उलटतपासणीत काढतो. मुलीच्या बाजूने लिहिलेली बातमी अशी आरोपीच्या कामाला येते. दुसरी अडचण फार थोड्यांना माहीत असते. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. पत्रकार त्याला अपवाद नाही. म्हणून ‘हे आपल्या दोघांत राहील’ असे वचन मुलाला देताच येत नाही, आणि हे बोलणे सुरू होण्यापूर्वी सांगावे लागते, मूल सगळे सांगून मोकळे झाल्यावर नव्हे.

ज्या विषयांत कायदा आड येत नाही, म्हणजे व्यसनातून बाहेर पडणारा तरुण, समलिंगी असल्यामुळे घराबाहेर काढलेली विद्यार्थिनी, आजार, गरिबी, आईवडिलांचा घटस्फोट, तिथे सारा भार संमतीवर येतो. ती आपण फार स्वस्तात मिळवतो. वास्को किंवा कुंडईच्या कामगार वस्तीत कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या आईकडून मराठी किंवा इंग्रजी कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. मुलाच्या स्वतःच्या भाषेत, त्याचा विश्वास असलेले माणूस शेजारी असताना, बातमी कुठे कुठे दिसेल हे मोबाइलवर दाखवून विचारावे. पालकाचा होकार आणि मुलाचा होकार दोन्ही लागतात, आणि मुलाचा नकार आला तर पालकाचा होकार बाजूला पडतो. चोवीस तासांनी पुन्हा विचारावे, कारण पहिल्या दिवशी कॅमेरा समोर असतो आणि दुसऱ्या दिवशी नसतो. छापण्याआधी त्यांचा भाग वाचून दाखवावा, पान सुटेपर्यंत माघार घेता येईल हे सांगावे आणि ती वेळही सांगावी. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांतल्या कौतुकाच्या बातम्यांनाही हे लागू आहे. ‘दारुड्या बापाच्या छळातून 90 टक्के’ हा मथळा त्या मुलाला त्याच घरात, त्याच बापासमोर वाचायचा असतो.

काळजी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. नामांकित शाळेतल्या मुलाचे प्रकरण असेल तर संपादक स्वतः कॉपी वाचतो. मूल मजुराचे असेल तर ‘मूळ अमुक राज्यातील, सध्या अमुक झोपडपट्टीत राहणाऱ्या’ असे सगळे पोलिसी वर्णन जसेच्या तसे छापले जाते. त्या वस्तीत पंचवीस खोल्या असतात आणि तिथेही शेजारी असतात. बाल न्याय कायद्याचे संरक्षण मुलाच्या राज्यावर किंवा भाषेवर अवलंबून नाही.

आत्महत्येच्या बातम्यांचे नियम तर लिखित आहेत. भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारित मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली: बातमी ठळक जागी नको, वारंवार नको, पद्धतीचे वर्णन नको, जागेचा तपशील नको, चिठ्ठी किंवा फोटो नको, सनसनाटी मथळा नको. यामागे अनुभव आहे. व्हिएन्नात 1987 मध्ये वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांचे वार्तांकन आवरते घेतल्यावर तिथल्या घटना झपाट्याने कमी झाल्या. आपल्याकडे मात्र वसतिगृहाची खोली आणि पुलाचे नाव मथळ्यातच असते. सर्वांत हानिकारक असते ती एका कारणाची घाई. ‘कमी गुण मिळाल्याने’, ‘मोबाइल न दिल्याने’ हे पोलिसांच्या पहिल्या पंचनाम्यावेळी कुणीतरी शेजाऱ्याने सांगितलेले असते, तपास तेव्हा सुरूही झालेला नसतो. त्याच अवस्थेत असलेले दुसरे मूल ते वाक्य वाचते आणि त्याला वाटते की अशा प्रसंगी असेच करतात. मागे राहिलेल्या भावंडांना ते वाक्य शाळेत ऐकावे लागते. कारण लिहूच नये, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 व मुलांसाठीचा 1098 हे मदत क्रमांक बातमीच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकण्याऐवजी मजकुरातच द्यावेत. विद्यार्थ्यांच्या मृत्यूंबद्दल संस्थेला जाब विचारायचा असेल, तर समुपदेशक किती, विद्यार्थी किती, रात्री कोण उपलब्ध असते, चौकशीचा अहवाल कुठे आहे, हे विचारावे. मृत मुलाची वही उघडून तो जाब मिळत नाही.

राहिला जुन्या बातम्यांचा प्रश्न. सोळाव्या वर्षी चोरीत सापडलेल्या मुलाला कायदा नवी सुरुवात देतो. ठरावीक मुदतीनंतर त्याच्यावरची नोंद नष्ट करायची तरतूद बाल न्याय कायद्यात आहे, आणि क्षुल्लक गुन्ह्याचा कलंक नोकरीच्या आड येऊ नये हा तिचा हेतू. मेरशीच्या ‘अपना घर’ या सरकारी बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाची सरकारी फाइल अशी बंद होते, पण पोर्टलवरची बातमी दहा वर्षांनीही गूगलच्या पहिल्या पानावर सापडते आणि नोकरी देणारा तीच पाहतो. प्रत्येक दैनिकाने आणि पोर्टलने अशा विनंतीसाठी एक ईमेल आणि एका जबाबदार उपसंपादकाचे पदनाम अंकाच्या श्रेयनामावलीत छापावे. त्या व्यक्तीकडून पुरावा मागताना तिला पुन्हा सगळी कहाणी सांगायला लावू नये, बातमीची लिंक आणि वयाचा दाखला पुरे. सात दिवसांत निर्णय कळवावा, नकार असेल तर कारणासह. बातमी पूर्ण काढायची नसेल तर ओळख देणारे तपशील काढावेत आणि शोधयंत्राला ते पान दिसणार नाही अशी सोय करावी. पोर्टल सांभाळणाऱ्याला हे काम दहा मिनिटांचे आहे. ते करण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा, म्हणजे दर वेळी मालकाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.